पाच कार्बनांची चाळ

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं, तेव्हा त्यात एक सूचनाही होती: ‘रसायनांच्या कारखान्यातले थरारक प्रसंग असतील तर उत्तम.’ त्यांना निराश करणं भाग आहे. एकतीस वर्षांत माझ्यासमोर एकही स्फोट झाला नाही. एकदा छपराचा पत्रा उडाला, पण तो वाऱ्याने. माझं मुख्य काम बाटल्यांना नावं देण्याचं होतं. बारशाला आत्या लागते. आमच्या कारखान्यातली आत्या मी. बाटलीच्या कानात कुर्र करायचं तेवढं राहिलं.

कारखाना घाटकोपरला, खाडीच्या अंगाला. पुढे मिठागरं, मागे म्हशींचे गोठे. आम्ही सुगंधी अर्क करायचो. सरबतवाल्यांना अननस, मिठाईवाल्यांना बदाम, साबणवाल्यांना गुलाब, आणि यांतल्या एकाही जिन्नसाचा झाडाशी संबंध नाही. शिवाय रोगणवाल्यांसाठी दोन-चार द्रावक. वारा फिरला की गोठ्यांचा वास आणि आमचा वास एकमेकांत मिसळे आणि त्याला मात्र कुणी नाव दिलेलं नव्हतं. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे लागलो. नुकताच बी.एस्सी. झालेलो, मुलुंडचा राहणारा, सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर. सहा महिन्यांनी काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

कारखान्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ डॉ. सबनीस. जर्मनीत शिकून आलेले, बारीक चणीचे, सतत सिगारेट ओढणारे (प्रयोगशाळेच्या बाहेर उभं राहून, आत काडी ओढलेली त्यांना चालत नसे). ते शिपायालाही अहो-जाहो करत. त्यामुळे त्यांच्याशी भांडणं फार कठीण जाई. आवाज चढवणाऱ्या माणसावर आपल्यालाही आवाज चढवता येतो, यांच्यावर कसा चढवणार?

आणि कोठीवर सखाराम तावडे. पन्नाशीचे, मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीच्या रंगखात्यात पंचवीस वर्षं काढलेले. मराठी चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षरं आणि आकडे ओळखत, पण ती एकत्र करून शब्द वाचायच्या भानगडीत पडत नसत. आमच्या कोठीत चारशेच्या आसपास बाटल्या होत्या. जर्मन बाटल्यांवर जर्मन नावं, इंग्रजी बाटल्यांवर इंग्रजी, काहींवर व्यापारी नावं आणि काहींवर आमच्याच आधीच्या लोकांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या: ‘केळ्याचा वास, जपून’. तावड्यांना सगळ्या पाठ. त्यांची स्वतःची नावं होती. केळेवाली, अननसवाली, डोळ्यातून पाणी काढणारी, आणि एका बाटलीला ते ‘विहीण’ म्हणत, कारण तिचं बूच काढलं की खोलीतले सगळे उठून बाहेर जात.

मी लागून महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. एका मिठाईवाल्याच्या मालासाठी बदामाच्या वासाचं तेल काढायचं होतं. हा वास दोन पदार्थांना असतो. एक खाण्यात थोडं चालतं. दुसरं म्हणजे मिरबेन तेल, स्वस्त साबणाला वास आणायला वापरतात आणि ते पोटात गेलं तर माणूस निळा पडतो. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हींवर ‘बदाम, नकली’ अशी चिठ्ठी. मी त्यातली एक उचलून तावड्यांच्या हातात दिली. त्यांनी ती क्षणभर हातात तोलली आणि परत फळीवर ठेवली.

“ही नाय, साहेब. ही जड लागते. ही साबणवाली.”

तराजूवर ठेवून पाहिलं. भरलेली बाटली दुसरीपेक्षा चांगली पावशेराच्या वर जड होती. मिरबेनच. तावडे दुसरी बाटली पुसत होते.

मला वाटलं, डॉक्टर आता तावड्यांची पाठ थोपटणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन एक सिगारेट ओढली आणि परत येऊन म्हणाले, “देवधर, हा कारखाना एका माणसाच्या मनगटावर चालला आहे. उद्या तावड्यांना ताप आला तर काय कराल?”

त्यांचं चुकत नव्हतं, हे आजही म्हणतो. दुसऱ्याच दिवसापासून चारशे बाटल्यांची नावं बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. आमची रसायनं बहुतेक कार्बनची. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि या साखळ्यांचे प्रकार इतके की प्रत्येकाला लाडाचं नाव ठेवायला गेलं तर पंचांग पुरणार नाही. म्हणून युरोपातल्या जाणत्या मंडळींनी परिषद भरवून नियम घालून दिले. नियम असे, की नाव ऐकून कुणालाही कागदावर रचना काढता यावी, आणि रचना बघून कुणालाही तेच नाव देता यावं. एका पदार्थाला एक नाव. वासाचा, रंगाचा, शोधणाऱ्याच्या सासऱ्याचा काही संबंध नाही. मी या नियमांच्या प्रेमात पडलो होतो. तेविसाव्या वर्षी माणूस कशाच्या तरी प्रेमात पडतोच, आणि मुलुंडला दुसरी काही सोय नव्हती.

गिऱ्हाइकांना हे प्रेम कळलं नाही. मालाडचे वसाणी शेठ आमच्याकडून सरबतासाठी अननसाचा अर्क नेत. नव्या लेबलची पहिली बाटली त्यांच्याकडे गेली ती संध्याकाळी त्यांच्याचबरोबर परत आली.

“देवधरभाय, मी अनानस मागितला, तुमी औषध दिला!”

“शेठ, तेच आहे. त्याचं खरं नाव इथिल ब्युटेनोएट.”

“अरे यार, खरा नाव तुमच्या घरी ठेवा ना! उन्हाळ्यात माणूस येऊन सांगेल काय, एक गिलास इथिल बिथिल द्या?”

मी त्यांना साखळीतल्या कार्बनची संख्या समजावून सांगू लागलो. शेठ ऐकत होते आणि हळूहळू बाटली माझ्याकडे सरकवत होते. शेवटी डॉक्टरांनी हुकूम काढला, की बाहेर जाणाऱ्या बाटलीवर अननसाचं चित्र आणि कोठीतल्या बाटलीवर देवनागरीत शास्त्रीय नाव. वसाणी शेठ खूश झाले. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

नव्या नावांची नोंदवही पुरी होत आली तेव्हा डॉक्टरांनी तावड्यांना बोलावलं. “तावडे, पुढल्या महिन्यापासून कोठी नव्या नावांवर चालेल. मी रचना दाखवीन, तुम्ही बाटली आणायची. वीस रचना. विषाच्या बाबतीत पस्तीस टक्क्यांना पास नसतं, तेव्हा वीसच्या वीस बरोबर हव्यात. नाही जमलं तर तुम्हाला अंगणात ड्रमवर घ्यावं लागेल. राग मानू नका.”

ड्रमवर म्हणजे रिकामे ड्रम कॉस्टिकच्या पाण्याने धुणं. रबरी मोजे द्यायचे, पण ते आठवड्यात फाटत, मग लोक तसेच हात घालत. तिथल्या माणसांच्या बोटांची सालं निघालेली असत. डबा उघडताना त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागे. तावडे डॉक्टरांना ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, “शिकवाल काय माका? शाळेत पहिला यायचो मी. मग बाप गेला.”

आम्ही जेवणाच्या सुट्टीत कोठीमागे बसायला लागलो. कार्बन म्हणून चिंचोके, त्यांना जोडायला आगकाड्या (गुल काढलेल्या, डॉक्टरांच्या भीतीने). एक चिंचोका म्हणजे मिथेन, दोन इथेन, तीन प्रोपेन, चार ब्युटेन. ही चार नावं जुन्या घराण्यातली, पाठच करायची. पाचापासून पुढे ग्रीक आकडे, पाचाला पेंटेन, सहाला हेक्झेन. आधी सर्वांत लांब ओळ शोधायची आणि तिच्यावरून मूळ नाव ठेवायचं. मग बाजूला काय लोंबतंय ते बघायचं, एकच कार्बन लोंबत असेल तर ‘मिथिल’. आणि शेपूट महत्त्वाचं. नाव ‘ऑल’ने संपलं की समजायचं हे अल्कोहोल.

“म्हणजे आडनावात ‘कर’ इला की गावचा कळता, तसा,” तावडे म्हणाले.

अल्कोहोलमध्ये साखळीतल्या एखाद्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी बसलेली असते. त्या जोडीसाठी मी शर्टाचं एक बटण ठेवत असे. ती कितव्या कार्बनवर आहे तो आकडा नावात घालायचा, आणि मोजायचं ते जोडी जिथून जवळ पडेल त्या टोकाकडून. हे मी तीन दिवस सांगत होतो. भाषा माझी कॉलेजातली. तावड्यांच्या कपाळावरची आठी हलत नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनीच बोटाने बटण सरकवलं.

“मास्तर, हा जिना.”

“काय?”

“आमची चाळ बघा. खोल्या ओळीनं. जिना असतो एका खोलीसमोर. पोस्टमन काय करतो? जिना ज्या टोकाला जवळ, तिथून खोल्या मोजतो. दोन नंबरच्या खोलीपाशी जिना. बरोबर?”

अगदी बरोबर होतं. मग त्यांनी सगळी साखळी चाळीत नेऊन बसवली. बाजूला लोंबणारी फांदी म्हणजे गॅलरीला मागून काढलेली पडवी. आणि मी जे त्यांना सांगितलंही नव्हतं ते त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची चाळ काटकोनात वळलेली होती आणि त्यांची खोली वळणापलीकडे. “कागदावर साखळी वाकडी काढली म्हणून काय झालं? गॅलरी वळली म्हणून चाळ संपत नाय. आमी पलीकडचे काय दुसऱ्या चाळीतले? भाडा तर त्याच मालकाक देतो.”

त्या दिवसापासून मी मास्तर झालो. मला ते फार आवडलं होतं, हे कबूल करतो. आणि ही चाळीची युक्ती इतकी सोपी होती की मी मनातल्या मनात ती वहीत टिपून ठेवली.

परीक्षेच्या दोन दिवस आधी तावडे दोन बाटल्या घेऊन माझ्या टेबलाशी आले. एकीवर मी लिहिलं होतं ‘२-पेंटेनॉल’, दुसरीवर ‘१-मिथिल ब्युटेनॉल’. पहिली इंग्रज कंपनीची, दुसरी जर्मन.

“मास्तर, ही दोन्ही एकच आहेत.”

“कशावरून?”

“वास एक. वजन एक.”

“नावं वेगळी आहेत ना? मग पदार्थ वेगळा. वासावर जायचं नाही, हेच तर शिकतोय आपण.”

तावड्यांनी बाटल्या परत नेल्या. मी मान वर करून नीट पाहिलंही नाही. डॉक्टरांसाठी वीस पत्ते करत होतो. पुढच्या बाजूला रचना, मागच्या बाजूला नाव, नोंदवहीतून जसंच्या तसं.

परीक्षा शनिवारी सकाळी झाली. डॉक्टर खुर्चीवर, मी शेजारी उभा. डॉक्टर पत्त्याची रचना तावड्यांना दाखवत, स्वतः मागचं नाव वाचत आणि आणलेल्या बाटलीशी ताडून बघत. पहिली बारा बरोबर. पंधरा. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. अठरावा पत्ता तावड्यांनी नुसता पाहिला आणि चालू लागले. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “शाबास, देवधर.” एकोणिसावाही बरोबर आला.

विसावा पत्ता तावड्यांनी हातात घेतला. ओळीत चार कार्बन, पहिल्याच कार्बनवर वरच्या बाजूला ती जोडी आणि त्याच कार्बनला खाली लोंबता एक. त्यांचं बोट खालच्या कार्बनवर गेलं, तिथून वर चढलं, वळलं आणि उजवीकडे चालत गेलं. ते कोठीत गेले आणि २-पेंटेनॉलची बाटली घेऊन आले.

डॉक्टरांनी लेबल पाहिलं, पत्त्याची मागची बाजू पाहिली. “चूक. मला १-मिथिल ब्युटेनॉल हवं आहे.”

“साहेब, पाच खोल्या आहेत,” तावडे म्हणाले.

“कसल्या खोल्या?”

तावड्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला त्याच क्षणी कळलं. जर्मन बाटलीवर रचना जागेअभावी वाकवून छापलेली होती. मी आडवे चार कार्बन दिसले म्हणून चारचं नाव ठेवलं आणि खालच्या पाचव्याला पडवी समजलो. ती पडवी नव्हती, वळणापलीकडची खोली होती. टोकाच्या कार्बनवर फांदी असूच शकत नाही, ती साखळीच लांबते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात. एका पदार्थाची दोन बारशी मी केली होती आणि चौथी शिकलेल्या माणसाने ते बोटाने मोजून दाखवलं होतं.

माझं कायम होण्याचं पत्र एक तारखेला यायचं होतं. पाच दिवस राहिले होते. डॉक्टरांच्या हातात माझ्या अक्षरातला पत्ता होता. मला फक्त म्हणायचं होतं, ‘साहेब, चूक माझी.’ मी खिडकीतून मिठागरांकडे पाहत राहिलो.

“एकोणीस,” डॉक्टर म्हणाले. “वाईट नाही. पण आपलं वीस ठरलं होतं.” त्यांनी पत्ते गोळा करून माझ्याकडे दिले. तावड्यांनी बाटली जागेवर नेऊन ठेवली, कोठीची किल्ली कमरेची काढली आणि टेबलावर ठेवली. सोमवारी ते ड्रमवर गेले.

सोमवारीच मी दोन्ही बाटल्यांतला थोडा थोडा द्रव काढून उकळून पाहिला. दोन्ही एकशे एकोणीस अंशांना उकळले. नोंदवहीतली एक ओळ खोडली, दुसरीत भर घातली. एक तारखेला पत्र आलं. आईने पेढे वाटले, मी खाल्ले. त्यानंतर आणखी सोळा दिवस मी रोज अंगणाला वळसा घालून मागच्या दाराने आत जात होतो.

सतराव्या दिवशी डॉक्टरांसमोर दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि सांगितलं. त्यांनी रचना पाहिली, एकदाच.

“हे त्या दिवशी कळलं तुम्हाला?”

“हो.”

“पत्र एक तारखेला मिळालं तुम्हाला.”

“हो.”

ते बाहेर गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. परत आले तेव्हा म्हणाले, “मी पत्ता उलटून पाहिला असता तर मलाही दिसलं असतं.” कोठीवर तोवर नवीन बी.एस्सी. मुलगा नेमून झाला होता. त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून तावड्यांना परत घेता येईल, असं त्यांनी ठरवलं. किल्ली मात्र नव्या माणसाकडेच राहील. “तुम्ही जाऊन सांगा,” ते म्हणाले.

तावडे नळाखाली हात धरून बसले होते. बोटांची टोकं पांढरी पडली होती, भेगांतून लाल दिसत होतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझी चूक होती, डॉक्टरांना सांगितलंय, परत या.

ते आमच्याशी मुंबईची मराठी बोलायचा प्रयत्न करत. त्या दिवशी केला नाही.

“तेवाच कळला होता ना तुमका?”

“हो.”

“मगे माका आता कित्याक सांगतास?”

मी म्हणालो, “तुम्ही तरी बोलायचं होतं ना तावडे. डॉक्टरांना नीट समजावून सांगायचं.”

“मी सांगूचा?” त्यांनी नळ बंद केला. “माझा काम बाटली आणूचा. ती मी बरोबर आणली. चूक कोणाची ता सांगूचा काम तुमचा होता.”

ते परत आले. येणं भागच होतं, घरात पाच माणसं होती. नव्या मुलाला त्यांनी फळ्या दाखवल्या, ‘विहीण’ कुठे ठेवायची ते दाखवलं. पण पूर्वी ते बाटली हातात तोलायचे, आता प्रत्येक बाटली तराजूवर ठेवू लागले. हातांमुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही. आणि मला ते पुन्हा देवधर साहेब म्हणू लागले. निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं, कामाचं सगळं बोलले, जेवणाच्या सुट्टीत डब्यातला सोलकढीचा पेलाही एकदा पुढे केला. मास्तर म्हणाले नाहीत.

पुढे नव्या मुलांना नामकरण शिकवायचं काम कायमचं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी फळ्यावर ती वाकवलेली रचना काढत असे. दहांतली आठ मुलं हमखास ‘१-मिथिल ब्युटेनॉल’ म्हणत. मग मी चाळ काढायचो, जिना, पडवी, वळणापलीकडची खोली. मुलं हसत आणि पुन्हा कधी चुकत नसत. डॉक्टरांच्या नंतर आलेल्या साहेबांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत ती चित्रासकट छापून घेतली. शीर्षक दिलं ‘देवधरांची चाळ’. पहिला खर्डा तपासायला माझ्याकडेच आला होता. मी त्यातल्या एका बाणाची दिशा दुरुस्त केली आणि सही करून परत पाठवला.

पहिल्यांदा ही चाळ मी मुलांना शिकवली तेव्हा तावडे कोठीत होते. मधलं दार उघडं होतं. मी जिन्यापाशी आलो, पोस्टमन आणला, मुलं हसली. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. ते बाटली तराजूवर ठेवत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि मीही थांबलो नाही.

मी मुलुंडला चाळीत कधी राहिलो नाही. आमचं स्वतःचं बैठं घर होतं, तीन खोल्यांचं, जिना नसलेलं. चाळीतल्या खोल्या पोस्टमन कुठून मोजतो हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पुस्तिकेतलं नाव चुकीचं आहे. ती सखाराम तावड्यांची चाळ.